असोद्याहून आलेला फोन

फोनवर सल्ला देणाऱ्या संघमित्रा सिस्टरला जळगावच्या आरोग्य केंद्रात सर्वोत्तम सल्ल्याचं बक्षीस जाहीर झालं. असोद्याच्या वच्छलाबाई दोन महिन्यांची नात घेऊन मुद्दाम आल्या होत्या.

"दिवस भरलेल्या सुनेचं डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. तुम्ही म्हटलं, अशाच उठा नि दवाखान्यात न्या. म्हणून दोघी वाचल्या, माय!"

संघमित्रा गोंधळली. फोन आला त्या दिवशी ती रजेवर होती. धुळ्यात बहिणीच्या लग्नात नाचत होती.

केंद्राच्या मोठ्या साहेबांनी फोनचं रेकॉर्डिंग लावलं. आवाज तिचाच होता. "अक्का, घाबरू नका. गाडी बोलवा, मी बोलतेय तुमच्याशी."

टाळ्यांचा कडकडाट झाला. वच्छलाबाईंनी नात तिच्या हातांत दिली. त्या उबदार जिवाला छातीशी धरताच संघमित्राचं मन भरून आलं. कुणी का वाचवलं असेना, पोर हसतंखेळतं होतं.

रेकॉर्डिंगमध्ये वच्छलाबाईंनी फोन ठेवला. तरी ते चालूच राहिलं. मग तिचाच आवाज हळूच म्हणाला, "संघमित्रा, अगं, बाळाच्या मानेखाली हात धर."

तिचा हात आपसूक मानेखाली गेला. आणि बाळ स्पीकरकडे बघून, ओळखीचं माणूस दिसावं तसं, खुदकन हसलं.