कोपऱ्याचा तुकडा

"घट्ट पीळ. अजून पाणी आहे त्यात," आई म्हणाली.

किम नियोने फडक्याला आणखी एक पीळ दिला. किसलेल्या साबुकंदाचं पाणी पातेल्यात गळत राहिलं. दुपारी बीबीक तिन, गावातल्या एक बड्या बाई, येणार होत्या, धाकट्या मुलासाठी मुलगी बघायला. सगळ्या मलाक्काला ठाऊक होतं, त्या बाई मुलीचा चेहरा नंतर बघतात, आधी तिच्या हातचा बिंका, साबुकंदाचा भाजलेला केक, खातात. चांगल्या चांगल्या घरच्या मुली त्यांनी एका घासात नापास केल्या होत्या.

"आज इतकी हळू का गं? एरवी डोळे मिटून करतेस बिंका."

"काही नाही, आई."

"आज नीट होऊ दे बाई. रबराचे मळे आहेत त्यांचे, दारात मोटार आहे. मुलाला घोड्यांच्या शर्यतींचा नाद आहे म्हणतात, बाटलीचाही. बड्या घरात असायचंच. लग्न झालं की येतात ताळ्यावर."

किम नियो मान खाली घालून पिळत राहिली. आजचा दिवस हातून निसटला तर पुन्हा संधी नव्हती.

आई केळीची पानं तोडायला मागे गेली. पाणी निवळेपर्यंत किम नियो तिथेच बसून राहिली. मग तिने पातेलं चौकातल्या मोरीवर नेऊन ओतलं, विसळलं आणि पालथं घातलं.

आई परत आली तेव्हा ती किसात नारळाचं दूध, अंडी आणि साखर कालवत होती.

"सगळं घातलंस ना?"

"घातलं."

पानं अंथरलेल्या डब्यात मिश्रण गेलं, वर-खाली निखारे आले. आईने पूर्वजांसमोर उदबत्ती लावली. किम नियोनेही लावली, आणि आईपेक्षा जास्त वेळ हात जोडून उभी राहिली. ते बघून आईला भरून आलं. पोरीने मनावर घेतलं होतं.

बीबीक तिन वेळेवर आल्या. चौक ओलांडताना मोरीपाशी त्यांनी सारोंग जरा उचलला, खाली बघितलं आणि आत येऊन बसल्या. आई हवापाण्याचं बोलत होती. त्या नुसत्या हुंकार देत होत्या.

बिंका वरून छान खरपूस दिसत होता. कोपऱ्याचा तुकडा मानाचा, तो पाहुण्यांना द्यायचा. किम नियोने सुरी घातली. तुकडा उचलला आणि ताटलीत ठेवेपर्यंत त्याचा भुगा झाला. दुसरा कोपरा कापला. त्याचंही तेच.

"असं कधी होत नाही हो," आईचा आवाज चिरकला. "कधीच नाही. किम नियो, अगं काय केलंस?"

बीबीक तिननी चिमूटभर भुगा तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळला.

"चव आहे," त्या म्हणाल्या. "पण धरत नाही. ही मुलगी आमच्या घरात चालायची नाही."

एवढं बोलून त्या उठल्या. आईने खुर्चीतच तोंडाला रुमाल लावला. उद्यापर्यंत ही गोष्ट गावभर होणार होती.

पाहुण्यांना दारापर्यंत सोडायला किम नियोच गेली. तिने वाकून त्यांच्या मण्यांच्या सपाता पुढे ठेवल्या. बीबीक तिननी एकदा आत बघितलं. आईचे हुंदके ऐकू येत होते. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मोरी नीट धू. पांढरी दिसतेय. तळाचा चीक परत घातला नाही तर बिंका धरत नाही. मुद्दाम ओतलास ना?"

किम नियो झटकन सरळ झाली. "बीबीक, आईला सांगू नका."

"वेडी की काय. मीही ओतला होता, पोरी," त्या सपातांत पाय घालत म्हणाल्या. "पण माझ्या सासूला दात नव्हते. तिला तो भुगाच आवडला."