चुकीच्या काजातलं बटण

खोलीत माणसं तीन, डोळे सहा. त्यांतला सासूबाईंचा उजवा कायमचा गेलेला, डावा शस्त्रक्रियेनंतर पट्टीखाली. मी त्यांचा डॉक्टर; पट्टी मीच सोडली. परदेशी सासूच्या भाषेतले नव्या जावयाला मोजून चार शब्द येत होते. त्यांतले दोन वापरून त्याने विचारलं, “आई, दिसतंय?” सासूबाईंनी मान डावीकडून उजवीकडे हलवली. “नीट बघा!” उरलेले दोन वापरून तो काकुळतीला आला. मान आणखी जोरात हलली. हसून त्यांनी त्याच्या शर्टाचं चुकीच्या काजात अडकलेलं बटण काढून नीट लावलं. त्यांची लेक औषधं घेऊन आली. जावई तिला म्हणाला, “अगं, बटण दिसलं, तरी नाही म्हणतायत!” “अहो, आमच्याकडे होकाराला मान अशीच हलते! मी इथे येऊन बदलली, आईने कशाला बदलायची?” जावई मटकन खुर्चीत बसला. मी तक्ता दाखवून नोंदवलं: डावा डोळा, सहा बाय नऊ, म्हणजे जवळजवळ पूर्ण नजर.