खिडकीखालचं स्टूल

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात मोहगावची प्रमिला नागपूरला, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत संशोधन शिकायला गेली. सगळ्यांची संत्र्याची रोपं खिडकीकडे झुकत. हिची मात्र हिच्या रिकाम्या स्टुलाकडे.

सर म्हणाले, "उजेडाकडे वळली नाहीत, तर प्रयोग बाद."

प्रमिला पक्की हुशार. तिनं स्टूलच खिडकीखाली सरकवलं. सकाळी रोपं खिडकीकडे! सरांनी शाबासकी दिली, तीही भेटायला आलेल्या बापासमोर.

पुंडलिकरावांची छाती सदऱ्यात मावेना. "असं डोस्कं आपल्या पुऱ्या सौंसर तालुक्यात कोनाचं नाही!"

प्रमिला त्यांच्यासाठी चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. बाप दाराकडे पाठ करून रिकाम्या स्टुलाजवळ उभा होता. बसलेल्या पोरीच्या डोक्यावरून फिरावा, तसा त्याचा हात हवेतून कौतुकानं फिरत होता.

"उठू नको वं माय. चहा राहू दे. तू तुह्यं काम कर."