सिस्टरचं जेवण

"काकी, हे वाजलं की घाबरायचं नाही. आधी बोटाची क्लिप बघायची. सुटली असेल तर नीट लावायची आणि हे पिवळं बटण दाबायचं, आवाज बंद होतो. बस."

खाटेशेजारच्या ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राचं नूपुर सिस्टरने गुणवंतीला एवढं शिकवलं आणि ती पुढच्या खाटेकडे पळाली. पेशंटच्या माणसांना असलं काही शिकवायचं नसतं, हे तिलाही ठाऊक होतं. पण भरल्या वॉर्डात आज ती एकटी होती. जोडीच्या सिस्टरला सकाळीच अपघात विभागात ड्युटीला नेलं होतं. आयसीयूत जागा नाही म्हणून गुणवंतीच्या नवऱ्याला, दत्तूला, इथेच ठेवलेलं, आणि केसपेपरवर डॉक्टरांचा शेरा होता, 'बारीक लक्ष ठेवावे.' शेरा मारायला काय जातं!

गुणवंती वरळी कोळीवाड्यातली, मासळीच्या पाटीमागे उभा जन्म काढलेली. तिने शिकवलेलं एकदाच ऐकलं आणि पक्कं धरलं. न्यूमोनियाने बेजार झालेला दत्तू सारखा हात झटकायचा, क्लिप सुटायची आणि यंत्र बोंबलायला लागायचं. गुणवंती क्लिप लावायची, बटण दाबायची आणि लांबूनच सिस्टरला हात करायची, काही नाही, तुझं चालू दे. नूपुरला खरंच बरं वाटायचं. तेवढीच एक फेरी वाचायची.

दुपार कलली. सलाइनची बाटली बदलताना नूपुरने खाटेचा दांडा धरून तोल सावरला, ते गुणवंतीने बरोबर टिपलं.

"सिस्टर, जेवलीस काय गो?"

"जेवेन काकी. सकाळी चहा घेतलाय."

"चहावर दिवस काढतात काय? तू आडवी झालीस तर आमच्या माणसांना कोण बघणार? जा, बस तिकडं. मी हाय ना हितं."

असं दटावून जेवायला बसवणारं माणूस या नोकरीत नूपुरला कधी भेटलं नव्हतं. तिचे डोळेच भरून आले. वॉर्डाच्या टोकाला, पडद्याआड तिने डबा उघडला.

पहिलाच घास तोंडात गेला आणि दत्तूचं यंत्र वाजलं. नूपुर हातातली पोळी टाकून उठली, पडद्याबाहेर डोकावली. आवाज थांबलेला. गुणवंती तिला हाताने 'बस, बस' करत होती. नूपुर बसली.

पुन्हा वाजलं, पुन्हा थांबलं.

गुणवंतीने क्लिप बघितली होती. ती बोटात घट्ट होती. क्लिप जागेवर असताना वाजलं तर काय करायचं, हे कोणी सांगितलं नव्हतं. आणि दत्तू तर दोन दिवसांत पहिल्यांदा शांत पडला होता. हात झटकत नव्हता, कण्हत नव्हता. लागली एकदाची झोप, असं वाटून तिचा जीव भांड्यात पडला. तिने त्याच्या अंगावर चादर ओढली. मग बोट बटणावरच ठेवून बसली. यंत्राने तोंड उघडलं की दाबायचं. त्याची झोप मोडायला नको आणि त्या पोरीचं जेवणही.

हात धुऊन नूपुर सरळ तिथेच आली. काकींचे आभार मानायचे होते. तिने दत्तूचे निळे पडलेले ओठ पाहिले.

"डॉक्टरना बोलवा!" ती ओरडली. तशीच खाटेवर चढली आणि दोन्ही हातांनी त्याची छाती दाबू लागली. डॉक्टर धावत आले. खाटेभोवती पडदा ओढला गेला, गुणवंतीला बाहेर काढलं गेलं. करायचं ते सगळं त्यांनी केलं आणि मग ते थांबले.

नूपुरचे हात मात्र थांबत नव्हते. डॉक्टरांनी ते धरून बाजूला केले.

"बारीक लक्ष ठेवा म्हटलं होतं ना? अलार्म वाजला नाही?" त्यांनी आवाज चढवून विचारलं.

पडदा सारून गुणवंती आत आली. नवरा गेला, हे तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं. सिस्टरला बोलणी बसतायत एवढंच तिला कळलं आणि ते काही तिला ऐकवेना.

"वाजला ना, साहेब! दर वेळी वाजला. हिला नका बोलू. ही बिचारी उठत होती, मीच हिला उठू नाय दिलं."