लाल कुलूप
नव्या यंत्राच्या ट्रेनिंगसाठी कारखान्यातून मिळालेलं लाल कुलूप ह्यांनी खिशात टाकलं आणि मोबाइल लेकीच्या हातात दिला. “वर्गाआधी हे व्हिडिओ बघायचेत. तूच बघ, प्रश्नांची उत्तरंही दे. वर्गात साहेब शिकवतीलच.” मी म्हटलं, “नोकरी तुमची की तिची?” हे हसले. लेकीने मन लावून पैकीच्या पैकी गुण मिळवले. वर्गात साहेबांनी सगळ्यांचे गुण पाहिले. “घरी अभ्यास झालाय, मग पुन्हा तेच दळण कशाला? चला थेट यंत्रावर.” सगळ्यांबरोबर हेही निघाले. आठवड्याभरात अडकलेला पत्रा काढायला ह्यांनी यंत्रात हात घातला आणि पलीकडून कोणीतरी बटण दाबलं. कुलूप खिशातच होतं. दवाखान्यात उरलेल्या बोटांकडे बघत लेक म्हणाली, “बाबा, आधी वीज बंद करून बटणाला कुलूप लावायचं, मगच हात घालायचा. मला येत होतं. विचारायचंत ना!”