गुरुवारची चौकट

दोन चमचे जाडं मीठ, चिमूटभर अंडी, लिटरभर पाणी आणि हवेची नळी. चौथ्या दिवशी गोळीताईंना कृतीचा कागद बघावा लागला नाही.

औषधाच्या दुकानात बावीस वर्षं गोळ्या मोजून दिल्या, म्हणून सगळी इमारत त्यांना गोळीताई म्हणे. मोजमापात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. तरी वरच्या मजल्यावरच्या टाइमकीपर काकांची माशांची पिल्लं सांभाळायचं काम त्यांच्याकडे आलं ते काही त्या गुणामुळे नव्हे. ते काम त्यांनी आपणच अंगावर ओढून घेतलं होतं.

काका कारखान्यात तीस वर्षं हजेरी लिहून निवृत्त झालेले. बायको गेलेली, मुलगा परदेशात. "यंदा मुलगा बोलावतोय," हे पालुपद इमारत तीन वर्षं ऐकत होती. यंदा म्हणे तिकीट एकदाचं आलं. सगळ्यांनी वर्गणी काढून काकांना निळा स्वेटर दिला. चहा चालू असताना ताई सहज बोलून गेल्या, "मग पिल्लांचं कसं?"

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. मग खिशातून किल्ली काढून म्हणाले, "तुम्हीच बघा आता."

दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन ते टॅक्सीत बसले. आतल्या खोलीला लॅच आहे, तिची चावी मी नेतोय, तिथं तुमचं काही काम नाही, एवढं सांगून गेले.

काम तसं सरळ होतं. अंडी खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीची, दिसायला नुसती तपकिरी पूड. बाटलीतल्या खाऱ्या पाण्यात चोवीस तास हवेवर बुडबुडत राहिली की त्यातून टाचणीच्या टोकाएवढे नारिंगी जीव निघत. हवा बंद करायची, दहा मिनिटं थांबायचं. टरफलं वर तरंगत. बाटलीच्या बुडाशी टॉर्च धरला की जिवंत तेवढे उजेडाकडे गोळा होत. ते नळीनं ओढून, फडक्यात गाळून, साध्या पाण्यानं धुऊन पिल्लांना घालायचे, आणि उद्यासाठी बाटली पुन्हा लावायची. पिल्लं इवलीशी, दुसरं काही खात नसत. एक दिवस चुकला तर निम्मी जातील, असं काकांनी बजावलं होतं.

भिंतीवर काकांनी तक्ता लावला होता. रोजच्या चौकटीत बरोबरची खूण करायची आणि वेळ लिहायची. कोरी चौकट त्यांना खपत नसे. ताईंच्या नोंदी सात बारा, सात वीस, सात नऊ अशा पडत होत्या.

गुरुवारी दुकानात माल आला, ताईंचं डोकं चढलं, आणि त्या थेट घरी जाऊन आडव्या झाल्या. पिल्लं डोक्यातून साफ निघून गेली. आठवली ती शुक्रवारी दुपारी, एका म्हातारीला रक्तदाबाच्या गोळ्या देताना. ताईंच्या पाचावर धारण बसली. संध्याकाळी त्या दुकानातून थेट काकांच्या घरी गेल्या.

टाकीत सगळी पिल्लं मजेत पोहत होती. बाटलीतलं पाणी ताज्या जिवांनी नारिंगी झालं होतं. तक्त्यावर गुरुवारच्या चौकटीत खूण होती. वेळ, सात वाजून शून्य मिनिटं.

ताई तक्त्यासमोर उभ्याच राहिल्या. आकडा आपलाच वाटला, कारण दुसऱ्या कुणाचा असणार? किल्ली त्यांच्याकडेच होती. म्हणजे आपण आलो, बाटली धुतली, अंडी लावली, वेळ लिहिली. आणि त्यातलं काडीइतकंही आठवत नाही.

घरी त्यांनी नवऱ्याला विचारलं, गुरुवारी मी किती वाजता आले? टीव्हीवरची नजर न हलवता तो म्हणाला, नेहमीसारखीच की. मग पुढं म्हणाला, वय झालं आता, चालायचंच.

ताईंना ते चालणारं नव्हतं. त्यांच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी भाजीत दोनदा मीठ, मग उघडा राहिलेला गॅस, आणि शेवटी पोटच्या पोरीला ती "तुम्ही कोण?" विचारायची. आई फक्त स्वयंपाक करायची. ताई लोकांच्या हातात औषधं देत होत्या.

दोन दिवस त्या दुकानात प्रत्येक पुडी तीनतीनदा मोजत राहिल्या. समोरची गिऱ्हाइकं वैतागली. काकांकडेही आता भलभलतंच दिसू लागलं. मोरी ओली. कप धुऊन पालथा. हेही आपणच केलं असणार, असं त्या स्वतःला सांगत आणि आणखी घाबरत.

सोमवारी पिल्लांना घालून झाल्यावर काकांच्या खुर्चीत बसूनच त्यांनी नवऱ्याला फोन लावला.

"राजीनाम्याची चिठ्ठी लिहिलीये. उद्या मालकांना देते."

पलीकडून तो काहीतरी बोलला.

"नाही हो, नाही जमायचं. गुरुवारी मी इथं येऊन सगळं केलं आणि मला त्यातलं काही आठवत नाही. उद्या कुणाला चुकीची गोळी गेली तर? आईसारखं झालंय माझं."

फोन ठेवून त्या रडल्या. बाटलीत बुडबुडे चालू होते. थोड्या वेळानं डोळे पुसून त्यांनी तक्त्यावर सोमवारची वेळ लिहिली, पर्समधली चिठ्ठी एकदा चाचपून पाहिली आणि पायात चपला सरकवल्या.

मागं आतल्या खोलीचं लॅच फिरलं.

दारात टाइमकीपर काका उभे होते. अंगात निळा स्वेटर, किमतीचं लेबल अजून बाहीला लोंबत होतं. ते ताईंकडे बघत नव्हते, तक्त्याकडे बघत होते.

"गोळीताई," ते म्हणाले, "तिकीट आलंच नव्हतं, दुसऱ्या किल्लीनं त्याच रात्री परत आलो. गुरुवारची बाटली मी लावली होती."