छातीतली चिडी

"आत्ताही सरळच चालते आहे," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी धनुबाईचं मनगट तिच्या सुनेकडे दिलं. "आता तुम्ही बसा. बोटं अशी ठेवायची. नाडी अडखळली, धावली, मध्येच बुडाली, की मला हाक मारा."

गजराने तीन बोटं टेकवली. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. सासूचा हात तिने असा कधी धरला नव्हता.

चार दिवसांपूर्वी ताकाची घागर उचलताना धनुबाई खाली बसली, ती उठलीच नाही. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. कोरीटहून गाडीने नंदुरबार आणि तिथून रेल्वेने चिंचपाडा, असं करत पितांबरने आईला मिशनच्या दवाखान्यात आणलं होतं. रक्तदाब ठीक निघाला. लकव्याचं कारण सापडेना.

"मला हृदयाचा संशय आहे," डॉक्टर पितांबरला म्हणाले. "त्याची चाल मधूनच बिघडत असेल. तेव्हा आत रक्त साकळतं आणि गुठळी मेंदूत जाते. पण मी हात धरतो तेव्हा नाडी सरळ. आलेख काढायचं यंत्र सुरतेला, आणि यांना तिथवर नेता येणार नाही. चाल सापडली तर औषध देता येईल. नाही सापडली तर दुसरा झटका कधीही येईल. याआधी छातीत धडधड, फडफड, असं काही म्हणाल्या होत्या?"

"नही साहेब. मन्ही माय तं लोखंड शे," पितांबर म्हणाला.

गजराने मान वर केली नाही.

गेल्या पौषात कापूस वेचताना धनुबाई ओळ अर्धी टाकून बांधावर बसली होती. "छातीमा चिडी फडफडी ऱ्हायनी वं," ती म्हणाली. गजरा स्वतःची ओळ संपवून मग आली. सासूच्या छातीवर तिने हात ठेवला, तेव्हा आत कसली चिमणी, सगळं शांत होतं.

"तुन्ही चिडी भलती शहानी शे, आत्याबाई," ती मोठ्याने म्हणाली. "कोनी हात लावा का उडी जास."

सगळं शेत हसलं. पुढे विहिरीवर, गिरणीत, बाया विचारू लागल्या, "धनुबाई, चिडी काय म्हनस?" त्यानंतर धनुबाई कधी बांधावर बसली नाही, आणि छातीबद्दल एक शब्द बोलली नाही.

दुपार कलली. पितांबर पलंगाच्या पायथ्याशी भिंतीला टेकून बसला होता. गजराच्या बोटांखाली ठोका आला, दुसरा आला, मग आलाच नाही. मग तीन एकदम धडकले. मग एक बारीक, लांबून आल्यासारखा.

तिने वर पाहिलं. धनुबाई तिच्याकडेच बघत होती. तिला आधीच कळलं होतं.

"साहेब," गजराने हाक मारली.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि बराच वेळ ऐकलं. "सापडली," ते म्हणाले. "आता हे नवं आहे की जुनं, ते कळायला हवं. औषध त्यावर ठरेल. घरात खरंच कुणाला काही बोलल्या नव्हत्या?"

"मी सांगं ना साहेब, माय कधी..."

"बोलल्या होत्या," गजरा म्हणाली. डॉक्टरांना नीट कळावं म्हणून ती शाळेतल्या मराठीत बोलत होती. "मला बोलल्या होत्या. एक वर्ष झालं."

"मंग?" पितांबरने विचारलं.

"मी हसले. सगळ्या बायांसमोर."

पितांबरने पायथ्याशी सरकलेली गोधडी उगाच नीट केली.

डॉक्टरांनी कागदावर 'एक वर्ष' एवढंच लिहिलं. "हात सोडू नका," जाताना ते म्हणाले. "किती वेळ चालतं ते बघायचं आहे."

धनुबाईने तोंड भिंतीकडे फिरवलं. हात गजराच्या बोटांखाली तसाच राहिला. तो उजवा हात होता. तिला तो ओढून घेता येत नव्हता.